फुटाला अर्धा इंच

शाहूपुरीतली तवनाप्पा मगदूमांची गुळाची वखार
पाडायची ठरली, तेव्हा मी टेप घेऊन गेलो.
कुणी बोलावलं नव्हतं.
लांबी बहात्तर फूट, खांब चोवीस, ऐनाचे.
आढं एकसंध नाही, तीन तुकडे,
पण सांधे असे की नख शिरत नाही.
खिळा कुठंच नाही. खुंट्या. पाचरी.
सुताराचं नाव विचारलं तर मुकादम म्हणाला,
"बिल सापडलं तर नाव सापडंल."

उद्यमनगरात मी बेचाळीस वर्षं पॅटर्न केले,
पंपाची पोटं, इंजिनाची डोकी, सगळी लाकडाची.
वाळूत दाबायची, ठसा उमटला की काढून घ्यायची.
गिऱ्हाईक घेऊन जायचं ते लोखंड.
माझं लाकूड रॅकवर, नंबर टाकून.
ज्याचं कुणी ओतकाम करणार नाही
असं काहीतरी एकदा करायचं होतं.

पाडलेल्या खांबाचा एक ओंडका रिक्षात घालून आणला.
रंधा मारला तसा वरचा काळा थर गेला,
आत तांबूस निघालं, आणि वास.
रंधा खाली ठेवून बसलो थोडा वेळ.
ऐंशी हंगामांचा गूळ मुरला होता त्यात.

फुटाला अर्धा इंच.
सोळा फुटी खांब आठ इंचांचा होतो,
खुंटी उदबत्तीच्या काडीएवढी.
छत्रीच्या तारेला धार लावून पटाशी केली,
तिनं साली पाडल्या.
कूस सालीत बसते तेव्हा एवढ्या मापात आवाज होत नाही,
बोटाला कळतं फक्त.
बायको विचारते, "ह्यात ठेवणार काय?"
अजून उत्तर सुचलेलं नाही.

सत्याप्पा येऊन गेला. तीस वर्षं हमाल होता तिथं.
समोर उकिडवा बसला, एक डोळा मिटला,
दारातनं आत बघताना सवयीनं मान खाली घातली.
म्हणाला, "डावीकडचा तिसरा खांब चुकला."
"मापात आहे."
"मापात असंल. रवं उतरलं की आम्ही पाठ घासायचो त्येला.
मागच्या अंगानं गुळगुळीत खोल झालता."
माझा टेप पुढून गेला होता.
मग बारीक कानस घेतली
आणि दुपारभर त्या आठ इंचांच्या खांबावर
पंचवीस-तीस माणसांच्या पाठी घासत बसलो.
"अजून," तो म्हणाला.
"अजून वाईच.
हां, बास."

कौलं चढवायच्या आधी टेपनं लांबी मोजली.
छत्तीस इंच यायला हवी. तीन सूत जास्त.
पुन्हा मोजली. तीन सूत.
मग पट्टी उलटून बघितली आणि कपाळावर हात मारला.
बिडाची पट्टी!
रस निवताना आखडतो,
म्हणून आमच्या पट्टीवरचा फूट
लोकांच्या फुटापेक्षा सूतभर मोठा असतो.
सगळंच त्या हिशेबानं वाढलं, म्हणून सांधे बसत गेले,
शंका आली नाही.
गणित मांडलं. खऱ्या वखारीत ते नऊ इंच झाले असते.
एक वीत.
तिथं नसलेली वीतभर जागा मी बांधून ठेवली होती.
मोडून परत करावं का, ह्या विचारात
दोनदा उठून दिवा लावला.
निवायचं काय ते केव्हाच निवलंय,
हे तिसऱ्यांदा उठल्यावर लक्षात आलं.

सकाळी बघतो तर मुंग्यांची रांग,
टेबलाच्या पायावरून वर, दारातून आत,
चोवीसच्या चोवीस खांब हुंगत.
त्यांना प्रमाण कुणी सांगितलेलं नाही.
कपाटातून खडू काढला, रेघ ओढायला वाकलो,
आणि तसाच वाकून बघत राहिलो.
डावीकडच्या तिसऱ्या खांबामागं
एक जरा थांबली होती.