शिफ्ट

मिरजेची शाळा नंबर सात.
तीन संगणक चालू, चौथ्यावर खडूचे डबे.
दुसरीची पोरं, एका माऊसला तिघं.

मी सांगते, शिफ्ट दाबून धरा
आणि मग ओढा.
सगळीकडं वर्तुळं उमटतात,
एकसारखी, टाकसाळीतून आल्यागत.

मुबीना सतारमेकर मध्येच बोट उचलते.
वर्तुळ बसकं होतं,
आडवं पसरतं.

"अगं, शिफ्ट सुटली."
"सोडली, बाई.
अब्बांच्या दुकानात भोपळे टांगलेत ना,
त्यातला एकपण
शिफ्ट दाबून आलेला नाय."

तिघांतला आर्यमान म्हणाला, हिचं चुकलं.
ती रंगाचा डबा ओतत होती, पिवळा.

नोंदवहीत रकाना एकच:
वर्तुळ येते / येत नाही.
मी पेन धरून बसले.
मग समासात भोपळा काढला,
हातानं.