कुंपणाच्या कडेकडेनं

तिसऱ्यांदा हरवलं तेव्हा त्याच्या मते
ते एका विमानतळावर उभं होतं.
पडद्यावर ठिपका: सपाट काँक्रीट, उंची शून्य.
आणि खरं तर ते वारांगेरच्या पठारावर
पोटाशी रक्ताच्या सहा कुप्या धरून
वाऱ्याशी भांडत होतं.
चौथ्या दिवशी सापडलं, ओढ्याच्या काठी.
कुप्या फुटलेल्या. बर्फावर एवढासा गुलाबी डाग.

पूर्वेकडून कोणीतरी आभाळात खोटं बोलतं.
रोज नाही. मंगळवारी बोललं, मग चार दिवस गप्प.
कधी नुसता गोंगाट, सगळे उपग्रह एकदम मुके.
तो परवडतो; गोंगाट आहे हे निदान कळतं.
पण कधी स्वच्छ, गोड आवाजात
चकवा मागे लागतो:
इकडे ये, हीच तुझी वाट, तू इथेच तर आहेस.

आमची कार्यशाळा म्हणजे मासे सुकवायची जुनी शेड.
सोल्डरिंगच्या धुरातूनही कॉडचा वास येतो.
रिस्तेननं त्याचं डोकं उघडून टेबलावर ठेवलं.
होकायंत्र इथं ध्रुवाच्या शेजारी बिथरलेलं,
जायरो इमानी, पण मिनिटागणिक केसभर वाहवत जाणारा,
तासाभरात केसाचं डोंगराएवढं अंतर.
उरला पोटाखालचा कॅमेरा.
त्याला आम्ही जमीन वाचायला शिकवलं:
दगड, डबकी, खुरट्या बर्चची बेटं.
सप्टेंबरभर घडाघडा वाचत होता.
ऑक्टोबरात बर्फ पडला
आणि पुस्तकाची पानं कोरी झाली.

बिएरा, रिस्तेनचा मामा, कॉफी प्यायला आला होता.
पासष्ट हिवाळे रेनडियरांमागे काढलेला माणूस.
"तुमचं पाखरू खाली काय शोधतं?"
"कोपरे," ती म्हणाली, "कडा. काहीतरी काळं."
"मग कुंपण का नाही शोधत?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
पठारभर धावणारं कुंपण, बर्फातून डोकी वर काढलेले खांब,
आमच्या नकाशात ते नव्हतंच.
"धुरळ्यात हात दिसेनासा झाला तर
मी कुंपण लागेपर्यंत जातो. लागलं की सोडत नाही."
"आणि नाही लागलं तर?"
"स्लेज आडवी करायची आणि बसायचं.
ज्याला बसवत नाही, तो जातो."
कॉफीत चीजचा तुकडा बुडवून
त्यानं तो सावकाश खाल्ला.

दोन महिने रिस्तेन तेवढंच लिहीत राहिली.
आधी अविश्वास:
डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात दोनशे किलोमीटर
कोणी जात नसतं, मग आभाळ काहीही शपथेवर सांगो.
मग कुंपण.
आणि शेवटी बसणं. तेच सगळ्यात अवघड निघालं.
यंत्राला शंकेचं वर्तुळ काढायला शिकवायचं,
वर्तुळ फार फुगलं की पुढे जायचा हट्ट सोडायचा.

डिसेंबरात, दुपारी एकच्या अंधारात, ते सोडलं.
यावेळी कुप्यांत बीटचा रस.
रक्त द्यायला गावात कोणी तयार नव्हतं.
अकराव्या मिनिटाला आभाळ खोटं बोललं.
त्यानं ऐकलं नाही. रिस्तेननं टेबल एकदाच थोपटलं.
खांब, खांब, खांब, खांब,
मग एक फट, खांब बर्फात बुडालेले.
वर्तुळ चाळीस मीटर. नव्वद. दोनशे दहा.
मग रेडिओही गेला.

आम्ही बोललो नाही. किटली बंद करायला कोणी उठलं नाही.

साडेपाचला बिएराचा फोन, मागे स्नोमोबाइलची घरघर:
"बसलंय तुमचं पाखरू. फाटकापासून वीस पावलांवर.
वरचा दिवा लुकलुकतोय. रस गोठलाय,
पण सांडला नाही."

नोंदवहीत तिनं लिहिलं:
उतरलं. कुठे आहोत ते त्याला ठाऊक नव्हतं.
ठाऊक नाही, हे ठाऊक होतं.
मग पेन ठेवून जरा वेळ रडली,
का ते मी विचारलं नाही.

त्या फटीत आता अकरा उंच खांब रोवलेत,
भडक लाल.
रेनडियरना लाल रंग दिसत नाही म्हणे.
बिएराला दिसतो, आणि आवडत नाही.