आरपार दगड

उचलू नये तो दगड मी उचलला,
गडग्याच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारा, आरपार जाणारा,
आणि जांघेत काहीतरी सरकलं.
दुखलं नाही फारसं.
ओल्या साबणावरून बोट घसरावं, इतकंच.

आता खोकलो की ते बाहेर येतं.
आडवा झालो की आत जातं, निमूट.
एल्स्पेथ म्हणते, त्याला तुझ्यापेक्षा शिस्त आहे.

डम्फ्रीजच्या दवाखान्यात मिस ओनुओरा,
इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, का ते ठाऊक नाही,
कागदावर माझ्या पोटाची भिंत काढते.
हर्निया. इथे खिंडार पडलंय, म्हणते.
मला हसू येतं.
चाळीस वर्षं गॅलोवेच्या टेकड्यांवर
मी दुसरं काय केलंय?
मेंढ्या अंग घासतात, हिमानं जमीन फुगते,
गडग्याला पोट सुटतं आणि एका रात्री तो बसतो.
सकाळी जायचं, पडलेले दगड गवतावर मांडायचे,
त्याच दगडांनी तेच भगदाड बुजवायचं.
ना चुना, ना सिमेंट.
सिमेंट भरलं की डागडुजीच्या कडेलाच पुन्हा फुटतं,
हे मी हाताखालच्या पोरांना शिकवत आलो.

मग टाकेच घाला, मी म्हणालो. माझंच मांस माझ्याच मांसाला.
ती नाही म्हणत नाही.
टाक्यांवर ताण येतो, पुन्हा फाटायची भीती जास्त.
जाळीनं ती कमी होते. पण जाळी मांसात रुजते,
नंतर काढू म्हटलं तर सोपं नाही,
आणि काहींना दुखत राहतं.
कोणाला, ते आधी सांगता येत नाही.
इतकं सरळ बोलणारं माणूस
मेंढ्यांच्या बाजारात मला कधी भेटलं नाही.

गावात दोन साक्षीदार.
वॉटी हॅने जाळी घालून सहाव्या आठवड्यात लोकर कातरत होता,
कुठल्या बाजूला घातली तेही आता विसरलाय.
आणि टपालवाली मोराग
तीन वर्षं गाडीत एका कुल्ल्यावर बसून पत्रं वाटते.
दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही,
हीच तर पंचाईत.

रात्री ओढ्याकाठचं ते काम आठवलं.
दरवर्षी पूर काठ खायचा. शेवटी मीच,
कोणी बघत नाही असं पाहून,
तारेच्या जाळीत दगड कोंबून रचले.
घरी सांगितलं नव्हतं.
बावीस वर्षं झाली. गवत इतकं माजलंय
की तार हातानं चाचपून शोधावी लागते.

दुसऱ्या खेपेला विचारलं, बिनजाळीची किती केलीत?
बारा, म्हणाली. जाळीची मोजलेली नाहीत.
मग तिनं एका कागदावर नाव लिहून दिलं,
लँकेस्टरकडे एकजण आहे, रोज टाक्यांचीच करतो,
चार महिने थांबावं लागेल.
बारा.
बारा हात गडगा रचलेल्या पोराला
मी टेकडीच्या माथ्यावर एकट्याला सोडत नाही.
तिनंही स्वतःला सोडलं नाही,
हे मला फार आवडलं. आणि त्यामुळे
तिच्याच हाताखाली जावंसं वाटू लागलं, जाळी तर जाळी.

निघताना म्हणालो, बघू द्या तरी.
तिनं तळहातावर तुकडा ठेवला.
पतंगाच्या पंखाइतकं वजन.
खिडकीशी धरला तर त्यातून गाड्यांचा तळ दिसला,
त्यापलीकडे पाऊस नसलेला एक डोंगर.
ठेवा, म्हणाली. मी कोटाच्या खिशात टाकला,
कागदाशेजारी.

बुधवारी खिसा रिकामा केला.
सुतळी, खडू, दोन पेपरमिंट.
जाळीच्या डोळ्याडोळ्यांत
लोकरीची कूस अडकून बसली होती.
नखानं ओढली. निघाली नाही.
पुन्हा ओढली.

मग? एल्स्पेथनं चुलीपाशून विचारलं.
कागद उलगडला होता, आकडे बारीक होते.
चष्मा दे जरा, मी म्हणालो.