पंधरा पावलं

अडुसष्ट साली सरंजामेसाहेब
मखमलीच्या पेटीतून दुर्बीण घेऊन आले.
जर्मन. नऊपट.
"चारशे यार्डांवरचा खूर दिसतो," म्हणाले,
"माझ्या तीनशे पंचाहत्तरवर बसवा.
दांडेलीला जायचंय. गवा."

गेनुमास्तर वडके तांबट आळीत जन्मलेले,
हंड्यांच्या ठोक्यांनी डावा कान गेलेला,
त्यामुळे गिऱ्हाइकाचं अर्धंच ऐकायचे
आणि तेवढं बहुधा पुरायचं.
रायफल राहू दिली घोडीवर.
नुसती दुर्बीण उचलली
आणि साहेबांना भवानी पेठेच्या बोळात आणलं.
मागोमाग मी, हातात तेलाची चिंधी.

हौदापाशी लिंगाप्पा हिरणवाळेची चंद्री
रवंथ करत उभी.
मास्तरांनी पावलं मोजली. पंधरा.
"डोळे मिटा. दुर्बीण लावा. आता उघडा. काय दिसतं?"
"काळं."
"म्हणजे?"
"केस. एक गोचीड."
"खांदा कुठंय?"
साहेब डावीकडे गेले, उजवीकडे गेले,
काळ्यातून काळ्यात.
तेवढ्यात चंद्री एक पाऊल पुढं आली
आणि साहेब दोन पावलं मागं,
थेट माझ्या पायावर.
"ओ, धार काढायचीय अजून तिची!" लिंगाप्पा ओरडला.

नऊपट पेटीत परत गेली.
मास्तरांनी कपाटातून काढली एक आखूड नळी,
दीडपट, पुढचं भिंग रुपयाएवढं,
दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायची.
"वेताच्या जाळीत खूर नाही बघायचा, साहेब.
अख्खा गवा बघायचा."

मग माझे दोन दिवस गेले कड्या घासण्यात.
निळा रंग लावायचा, नळी ठेवायची, उचलायची,
जिथं डाग नाही तिथं टेकलेलं नाही,
पुन्हा एमरी, पुन्हा निळा.
पेच पेट्रोलनं धुवून कोरडे,
एक इकडचा अर्धा फेरा, एक तिकडचा.
भिंग डोळ्यापासून चार बोटं लांब.
का, ते मास्तर सांगत नसत,
टोपी मागं सारत.
उजव्या भुवईवर पांढरी चंद्रकोर.

आणि दुर्बीण निघाली पाहिजे. एका खटक्यात, अंधारात, घामट हातानं.
खाली खाच आणि हस्तिदंती माशी जागी हवी,
घरात दिवे असले तरी देवापाशी काडेपेटी असते तशी.
रेंजवर वीस वेळा काढली, वीस वेळा लावली.
एकविसाव्यांदा गोळी त्याच भोकाच्या कडेला.

साहेब मार्चमध्ये परत आले.
"पंधरा पावलांवर होता," म्हणाले,
"खटका दाबून दुर्बीण खिशात टाकली.
माशी बसली खांद्यावर, नीट बसली.
मग तो वळून गेला."
का सोडला ते विचारलं नाही कुणी.
मास्तरांनी तो डावा कान पुढं केला होता.

पुढं कायदा आला. साहेब गेले, मास्तर गेले.
माझ्याकडं आता वनखात्याची बेशुद्धीची बंदूक येते,
जुन्नरच्या उसातल्या बिबट्यांसाठी.
परवा डॉक्टर मृण्मयी काळसेकर आल्या,
वय सत्तावीस, हातात कॅटलॉग.
"काका, बारापट मिळेल?"

मी चिंधी ठेवली. बोळात नेलं.
हौद नाही, म्हैस नाही,
कुणाची तरी काळी स्कूटर उभी होती.
पंधरा पावलं मोजली,
म्हटलं, डोळे मिटा,
आणि माझा पाय आधीच बाजूला घेतला.