शेड नंबर नाही

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलचा माल बघायला आलेला फ्रेंच पाहुणा
जाताना शेठना एक बाटली देऊन गेला.
चनबसप्पा शेठ म्हणाले,
या हातात इष्टलिंग धरतो मी.
बाटली टेबलावरून सरकत सरकत
मल्लेशम मास्तरांपुढे येऊन थांबली.

मास्तर रंगखात्यात. एकेचाळीस वर्षं.
नखांच्या मुळाशी निळा, आंघोळीनं न जाणारा.
मी त्यांच्या हाताखाली, शेडकार्डं सांभाळायचो.

मे महिना होता, डोक्यावर पत्रा तडतडत होता.
मास्तरांनी बाटली सुताच्या लडीत गुंडाळून
पाण्याच्या हौदात सोडली, पार तळाला.
आठ दिवसांनी काढली
तर लेबल सुटून कुठं गेलं कुणास ठाऊक.
गाव गेलं, घराणं गेलं, साल गेलं.
पाहुण्याचा एक शब्द तेवढा माझ्याकडे उरलेला:
द्राक्षाची जात, ग्रेनाश.

"गिरणाश?" मास्तर हसले.
"गिरणीचा नाश बघितलाय की आम्ही.
भोंगा बंद पडला तेव्हा
वडील तीन दिवस पहाटे उठून बसायचे, उगाच."

बूच काढायला काही नव्हतं.
चात खुपसली. अर्धं आत पडलं, अर्ध्याचा भुगा.
गच्चीवर कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन स्टीलचे पेले.
पेला नको म्हणाले. खाली जाऊन
लॅबमधला काचेचा बीकर आणला, तीनदा विसळून,
आणि ट्यूबलाइटखाली तिरका धरला.

"लाल आहे, पण भरलेला नाही.
मधे डाळिंबी. कडेला विटकरी उतरलाय बघ.
असला लॉट मी परत पाठवला असता."

मग प्यायले.
ओठ हलत होते: ओकटी, रेंडु, मूडु…
कुंडात लड बुडवल्यावर मोजतात तसं.
नऊला थांबले.
"अजून उतरेना," म्हणाले.

मी पाहुण्याचं ऐकलेलं सांगत सुटलो.
नव्वद वर्षांच्या वेली. तार नाही, मांडव नाही,
एकेक खोड आपापलं उभं, हातभर उंच,
एका वेलीला जेमतेम किलोभर माल.
नान्नजला माझा मेव्हणा सिद्राम
पंधराव्या वर्षी बाग उपटतो,
घड कमी लागले की जेसीबी.
तिथं म्हणे खाली नुसते गोटे, नारळाएवढे,
दिवसभर तापतात
आणि रात्रभर वेलींना ऊब देत बसतात.

मास्तरांनी तळवा स्लॅबवर टेकला.
रात्रीचे दहा वाजलेले. स्लॅब भाजत होता.
"मग आपणपण पिकत असणार," म्हणाले.

जूनमध्ये रंग जुळवायचं मशीन येणार होतं.
त्याबद्दल दोघंही बोललो नाही.
शेंगाचटणी तिखट होती, आणि त्या दारूत
कुठंतरी वाळलेल्या बोरासारखं काहीतरी,
आणि उन्हात ठेवलेल्या माठाच्या बुडासारखं.
मला नीट सांगता येत नाही.

तळाचे चार थेंब त्यांनी
पांढऱ्या टॉवेलच्या चिंधीवर सोडले.
"कार्डात लाव."
नंबर काय देऊ?
"देऊ नको. कृती माहीत नाही त्याला नंबर देत नसतात."

चिंधी अजून आहे, ४१७ आणि ४१८ च्या मधे.
पहिल्या वर्षी जांभळी होती, मग राखाडी,
आता चहाच्या डागावर गेलीय.
रंग कच्चा, म्हणाले असते.
मी दर मेमध्ये काढून बघतो,
उतरतोय अजून.