सोळा

चाळीस वर्षं टोइवोनं गहू मोजला
डुलुथच्या धक्क्यावर, बोटीच्या पोटात कोसळणारा,
टनांत.
आता तो ओट्याशी वाकतो, चष्मा कपाळावर,
आणि झँथन गम मोजतो.

काटा शून्य दाखवतो.
चिमूट टाकली तरी शून्यच.
"पासंगालाही पुरत नाही," मी म्हणते.
तो म्हणतो, थांब आयली, बघत राहा.

बघत राहावं असंच असतं ते.
पातेल्यात पाणी, ओंजळभर ब्लूबेरी,
जांभळं, पातळ, जीव नसलेलं.
ती भुकटी त्यानं आधी एरिथ्रिटॉलच्या
कोरड्या दाण्यांत घोळवलेली असते.
नुसती टाकली की माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात,
हे आम्ही पहिल्या हिवाळ्यात शिकलो, गाळणी फेकून देऊन.
पळी फिरते. मिनिटभर काहीच नाही.
मग जड होते,
आतून कुणी तिचा हात धरल्यासारखी.

सासूबाई या सारात बटाट्याचं सत्त्व घालायच्या
आणि साखर, हात सैल सोडून.
सासरे बावन्नाव्या वर्षी गेले,
फावडं हातात, अंगणातलं बर्फ अर्धंच काढलेलं.
थोरला रेइनो पंचावन्नाव्या.
त्याच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती, केक होता.
टोइवोनं तो तुकडा बशीतल्या बशीत फिरवला
आणि घरी येऊन वही काढली.

तेव्हापासून दिवसाला पंधराशे कॅलरी.
पंधराशेत माणूस मावतो. मावतो,
पण कोपरे दुमडून.
रात्री दोनला जिन्याची तिसरी पायरी करकरते,
मला कळतं, भूक खाली चाललीय
इसबगोलाचा पेला ढवळायला.
डब्यावर लिहिलंय, भारतातून.
इतक्या लांबून आलेला भुसा
पोटात फुगून बसतो आणि भुकेला सांगतो,
जागा नाही, पुढचं घर बघ.

गोडाची वेगळीच तऱ्हा.
स्टीव्हियाचे तीन थेंब जिभेला आधी पटतात,
मग मागून कडवट शंका येते.
एरिथ्रिटॉल तोंडात गार पडतं,
कुणी खिडकी उघडी ठेवून गेल्यासारखं.
गोड आहे, नाही कशाला म्हणू?
पण त्या गोडाच्या मागे कुणी उभं नाही.

म्हणून रविवारी
तो भांडी विसळायला वळला की
त्याच्या वाडग्यात मी एक चमचा साखर सोडायचे.
खरी. ढवळून, पुरावा बुडवून.
तीन वर्षं.
पहिला घोट घेऊन तो म्हणायचा, "आज जमलंय."
आणि मी उगाच ताटल्यांचा आवाज करायचे.

या फेब्रुवारीत त्याचा गुडघा बदलला.
नर्सला आकडे हवे होते, काय खातो, किती खातो.
मी वही नेली, कॉरिडॉरच्या दिव्याखाली उघडली.
बोटीच्या पावतीवर असायचं तसंच अक्षर, बारीक, उभं.
ओट. कोबी. ट्राऊट. अर्धं सफरचंद.
आणि दर रविवारी, सगळ्यांत खाली,
ब्लूबेरीच्या साराच्या पुढच्या ओळीत:
आयली, १६.

एका सपाट चमच्याचे सोळा.
एकही रविवार सुटलेला नाही.
ते सोळा कुठून काढले तेही होतं,
सफरचंदाची एक फोड कमी.

"हे आयली काय आहे?" नर्सनं विचारलं,
"एखादं सप्लिमेंट?"
मी हो म्हटलं.
किती दिवसांपासून, तिनं विचारलं,
आणि मला पटकन सांगता येईना.

काल पुन्हा रविवार.
काठी टेकत तो मोरीकडे वळला,
एकच पळी धूत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.
मी साखरेचा डबा उघडला,
या खेपेला झाकण वाजलं तरी वाजू दिलं.
चमचा भरला,
आणि सुरीच्या पाठीनं वरचा ढीग पुसून घेतला, काठोकाठ,
त्याचा हिशेब चुकू नये म्हणून.