एकेचाळिसावी ओळ

चिलोएच्या पूर्वेचं हे बेट. घरं बासष्ट.
फेरी सोमवारी आणि गुरुवारी, तीही समुद्राच्या मर्जीने.
मी इथली नर्स. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक चूल
आणि ऑक्सिजनचं एक जास्तीचं नळकांडं,
ते गावात कोणाच्या घरी ठेवायचं हे ठरवून कळवा,
असा कागद आलाय वरून : "सयुक्तिक कारणासह."

म्हणून मार्चभर घरोघर गेले.
एकच प्रश्न विचारला :
रात्री दुखायला लागलं
तर कोणाचं दार वाजवता?
मातेचा एकच पेला सगळ्यांच्या हातांतून फिरायचा,
उत्तरं वहीत उतरायची,
वहीला ओल्या लोकरीचा वास.

भाचा आमारो पुंता आरेनासला शिकतो.
फोनवर म्हणाला, आत्या, हे तर जाळं.
घरं म्हणजे ठिपके, दारं म्हणजे बाण.
यासाठी एक लायब्ररी आहे, फुकट, उघडी,
कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्त करावी.
मला वाटलं, पुस्तकं येणार.

शाळेच्या छपरावर अँटेना आहे, तिच्याखाली बसले
मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला.
बत्तीस टक्के. वारा. पुन्हा शून्य.
तिसऱ्या खेपेला सगळं उतरलं
आणि लाल अक्षरांत नन्नाचा पाढा सुरू :
ही हवी तर आधी ती हवी,
ती हवी तर तिच्याखालची,
आणि तिच्याखालची बांधायला कंपायलर,
तो तुमच्याकडे नाहीच.
ओळखीचं वाटलं.
बार्रियाला होडी पाण्यात घालायची
तर मियालोंकोचं इंजिन लागतं,
इंजिनाला कोर्दोवाचा पाना,
आणि पाना मागायला जायचं
तर गेल्या वर्षीचे बटाटे फिटलेले असावे लागतात.

रात्री दोनला आमारो एकेक अक्षर सांगत होता
(आडवी रेघ, दोनदा. खालची नाही गं, मधली.)
तरी घोडं अडलेलंच.
तेव्हा कुठल्याशा थंड देशातल्या कुणीतरी
सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली टीप सापडली :
"जुन्या यंत्रावर हे इथे थांबेल.
माझ्या आईचंही थांबलं होतं. असं करा."
नाव नाही, नुसती आद्याक्षरं.
मी तसं केलं.

अक्षरं धावू लागली. लॅपटॉपचा पंखा
दमेकऱ्यासारखा घरघरला,
सवयीने मी त्याचे श्वास मोजले.
मग सगळं शांत, आणि एकच शब्द : झालं.

पडद्यावर बासष्ट ठिपके.
माझा कडेला. माझ्याकडे येणारे बाण चार.
बावीस वर्षं, आणि चार,
त्यातला एक वहिनीचा.
लागलं जरा. खोटं कशाला बोलू?

मधोमध, बाणांनी काळवंडलेला ठिपका :
ओर्तेन्सिया चिग्वाय. वय एक्क्याऐंशी. फोन नाही.
म्हणजे कंदील घेऊन माझ्या दाराशी येणारी
बहुतेक वेळा तीच होती.
आजारी कोण, हे मी विचारायचे.
बोलवायला कोण आलंय, हे कधी पाहिलं नाही.

खाली पिवळी सूचना :
एकेचाळिसाव्या ओळीत रकाना रिकामा.
वही उघडली. माझंच अक्षर :
"ओ. चिग्वाय. हसली. म्हणाली, मला मेलीला काय होतंय."
सगळे बाण आत. बाहेर एकही नाही.
प्रोग्रामने याला चूक म्हटलं नव्हतं,
नुसतं सावध केलं होतं.

उजाडायच्या आत नळकांडं ढकलगाडीवर घातलं.
चिखल. बार्रियाचं कुत्रं. पायवाटेवरच्या शिंपल्यांची चरचर.
सयुक्तिक कारण अजून लिहायचं होतं.
दार वाजवलं.
आतला खोकला थांबला, कडी निघाली,
आणि मला आत ओढून, कपाळाला हात लावत
ती म्हणाली,
"कुठं दुखतंय, पोरी?"